जित्ती नाळ

काळी-पिवळीत माझ्या मांडीवर निळा बर्फाचा डबा दिसला की शेजारची बाई हमखास विचारते, "काय वं बाई, कुल्फी हाय का?" मी म्हणते, दवाखान्याचं सामान आहे. खरं सांगितलं तर ती एकतर सरकून बसेल, नाहीतर उतरेपर्यंत प्रश्न विचारत राहील. डब्यात नाळ असते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची, कापलेली, वीतभर, खारट पाण्यात बुडवलेली. खामगावातल्या एका प्रसूतिगृहातून ती घ्यायची आणि गावाबाहेरच्या आमच्या औषधनिर्माण कॉलेजच्या लॅबमध्ये ताजी असतानाच पोचवायची, हे माझं काम.

या अंकाच्या संपादकताईंनी या कामावर लिहा म्हटलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझी शाळा आठवीत सुटली. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. म्हणून बोलते तसं लिहिलंय. शुद्धलेखन आमच्या लॅबच्या फरहाना मॅडमनी तपासलं आहे. या लिखाणात त्या स्वतः आहेत, पण त्यांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

मी इकडची नव्हे. माझं माहेर आणि सासर दोन्ही चंदगडकडे, काजूच्या आणि धो धो पावसाच्या मुलखात. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, म्हणून खामगावला आलो. इथलं ऊन आणि इथली भाषा दोन्ही मला सुरुवातीला सोसेनात. "काऊन?" असं, म्हणजे 'का?' असं, कुणी विचारलं की मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं. कॉलेजात काचेची भांडी धुवायला बाई हवी होती. मॅडमनी माझं शिक्षण विचारलंच नाही, धुतलेली चंचुपात्रं उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "उद्यापासून या." त्यांचे उपकार मी विसरायची नाही. पण उपकाराखाली असलेल्या माणसाला भीतीही जास्त असते, हेही खरंच. पेटीचं दार लावलं का हे मी अजून दोनदा बघते, आणि घरी पोचल्यावर पुन्हा वाटतं की लावलं नसेल.

ही पेटी म्हणजे इनक्युबेटर. आत अंगाइतकी ऊब, आणि सिलिंडरमधून थोडा थोडा कार्बन डायऑक्साइड. त्या पेटीत आम्ही पेशी वाढवतो. नाळेत तीन नळ्या असतात, दोन बारीक आणि एक जाड. जाड नळीत सुई घालून आतलं रक्त धुऊन काढायचं, मग त्यात एक पाचक औषध भरायचं, दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधायची आणि कोमट पाण्यात ठेवायचं. थोड्या वेळानं नाळ बोटांनी हलकेच चोळली की नळीचं आतलं अस्तर सुटून येतं. ते पाणी चपट्या बाटलीत गुलाबी रसात, म्हणजे पेशींच्या खाद्यात, ठेवायचं. चार-सहा दिवसांत बाटलीच्या तळावर पेशी एकमेकींना चिकटून पसरतात. सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर मक्याच्या कणसावरचे दाणेच.

आणि हे सगळं कशासाठी? बीपीसाठी. आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींवर एक विकर बसलेलं असतं. त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही ए-सी-ई म्हणतो. मॅडम त्याला कात्री म्हणतात. पाती पेशीच्या बाहेर, रक्तात. मूठ पेशीच्या आत. रक्तातून वाहणारा प्रथिनाचा एक निरुपद्रवी तुकडा ही कात्री कापते, आणि कापलेला तुकडा रक्तवाहिनी आवळतो. दाब चढतो. बीपीची एक नेहमीची गोळी या पात्यांत जाऊन अडकते. कात्री बंद, दाब खाली. इतकंच असतं अशी पुष्कळ वर्षं सगळ्यांची समजूत होती. पण पाती धरली की मूठ हलते. गोळी बाहेर अडकली की आत, मुठीच्या शेपटीवर, एक फॉस्फेटचा शिक्का उमटतो, आणि तिथून हाती-हाती निरोप थेट पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो. मग पेशी काय काय नवीन बनवायला घेते. बाहेर कुणी अडवलं हे आत कळतं. हा शोध आमचा नव्हे, तो बाहेरच्या देशांतल्या मोठ्या लोकांचा. आपल्याकडच्या माणसांच्या पेशींतही निरोप तसाच जातो का, आणि किती लवकर, हे मॅडम बघत होत्या. पेशी फोडून त्यांचा अर्क आम्ही नागपूरला पाठवायचो. तिथून पट्ट्यांचा फोटो यायचा. पट्टी गडद म्हणजे निरोप पोचला.

पण एका बाळाच्या नाळेवर आलेलं उत्तर म्हणजे उत्तर नव्हे. तीन वेगळ्या नाळांतून तेच यायला हवं. आणि नाळ मागायची म्हणजे माझं काम.

नाळ मागताना माणसं कशी कशी भेटतात! सोनाळ्याचा एक आजोबा म्हणाला, "पोराची नाळ हाय, पोरीची नाही. जपून वापरजा." एका ट्रक ड्रायव्हरला नाळेवरून पोरगा पुढे काय बनेल ते सांगून हवं होतं. एका गुरुजींनी संमतीचा कागद वाचून त्यातली व्याकरणाची चूक काढली, आणि मग नाही म्हणाले. बहुतेक जण नाहीच म्हणतात. इकडे वार आणि नाळ घरी नेऊन न्हाणीमागे पुरतात. कुणाच्या हाती लागू देत नाहीत, करणीची भीती असते. मी वाद घालत नाही. आमच्याकडेही तसंच आहे. मी कागद मोठ्यानं वाचून दाखवते. शेवटचं वाक्य असतं, दिलेला नमुना केव्हाही परत मागता येईल. आजवर कुणी मागितला नव्हता.

पिंपळगाव राजाच्या द्वारकाबाईंनी मागितला.

त्यांच्या सुनेचं, वैशालीचं पहिलं बाळंतपण होतं. मुलगी झाली. वैशालीचा नवरा हार्वेस्टरवर मध्य प्रदेशात गेलेला, घरात या दोघीच. मी कागद वाचत होते आणि आजी सारख्या कोरडं खोकत होत्या. बीपी म्हटल्यावर त्यांनी कान टवकारले.

"माह्यी बी गोळी हाय बीपीची. तिचंच हाय का हे?"

पिशवीतून त्यांनी गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. तीच होती. त्यांचा खोकलाही तिचाच. ती कात्री आणखी एक गोष्ट कापत असते, गोळीनं ती कापली जात नाही, साचते, आणि काहींना खोकला येतो. मी सांगितलं, "आजी, डॉक्टरांना खोकल्याचं सांगा, गोळी बदलून देतील."

"तीन डॉक्टर झाले बाई, कोनी नाही सांगतलं," आजी म्हणाल्या. "घ्या वीतभर. बाकीची आमी घरी नेतो."

दोन नाळांची उत्तरं आली होती, ही आमची तिसरी. त्याआधी पावसाळ्यात बुरशीनं आमच्या दोन बाटल्या गेल्या होत्या आणि प्रकल्पाची मुदत संपत आली होती. ही नाळ मात्र अशी फुलली की मॅडम सकाळी येऊन आधी तिच्याकडे बघायच्या, मग पर्स ठेवायच्या.

आठवड्याभरानं आजी खामगावच्या बाजारात आल्या होत्या, त्या वाट वाकडी करून लॅबमध्ये आल्या. "आमच्या नातीच्या नाळीचं काय केलं ते तं दाखवा." मॅडमना इतका आनंद झाला की विचारू नका. लॅबमध्ये आजवर देणाऱ्याच्या घरचं कुणी आलंच नव्हतं. त्यांनी खुर्ची दिली, सूक्ष्मदर्शकाचं भिंग जुळवून दिलं. मॅडम खामगावच्याच, घरी तेलघाणी होती, त्या आजींशी इकडच्याच बोलीत बोलायच्या.

"दिसून राह्यलं का आजी?"

"हाव वं माय! कनसाचे दाने!" आजींनी डोळा हलवला नाही. "हे जित्तं हाय?"

"जित्तं हाय. वाढून राह्यलं."

आजी कितीतरी वेळ बघत राहिल्या. जाताना त्यांनी पेटीला हात लावून तो कपाळाला लावला. आम्ही दोघी हसलो. माझ्या मनात आलं, असं एखादं माणूस रोज यायला हवं.

मग चार-पाच दिवसांनी वैशालीचा फोन आला. सकाळची वेळ, मी बाटल्या मांडत होते. ती कुजबुजत बोलत होती.

"मावशी, बाळाची नाळ पडूनच नाही राह्यली. बारसं पुढं ढकललं. काल बेंबी लाल झाली, आता आंग तापून राह्यलं. दूध बी ओढत नाही."

हातातली बाटली मी खाली ठेवली. लाल बेंबी, ताप आणि दूध न ओढणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की एक तास थांबायचं नाही, हे प्रसूतिगृहातल्या सिस्टर प्रत्येक बाळंतिणीला बजावतात. मी ते शंभरदा ऐकलेलं.

"अगं मग बसलीयस काय? उचल आणि निघ!"

"आत्याबाई नाही जाऊ देत. म्हनतात, तिकडची नाळ जित्ती हाय म्हनून इकडची वाळत नाही. डॉक्टर हे कापतीन. जित्ती नाळ कापली तं लेकरू हातचं जाईन. गावच्या आशाताईले बी हात नाही लावू देला." ती रडायला लागली. "मावशी, तुमी सांगा ना त्यायले, ते मेलं म्हनून."

तेवढ्यात फोन आजींच्या हातात गेला.

"बाई, आमची नाळ आना. ते पुरलं का मंग नेतो दवाखान्यात."

"आजी, आधी बाळाला न्या, मी तिथंच घेऊन येते."

"आधी आना." फोन बंद.

बघा, आजींचं डोकं ठिकाणावर नव्हतं असं नाही. त्यांचा हिशोब बरोबर होता. पुरलेली नाळ कुजते, तशी बाळाच्या बेंबीवरची वाळून पडते, बाळ सुटं होतं. पण अर्धी नाळ जिवंत असेल तर उरलेली अर्धी मरणार कशी? त्यांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. आणि बघायला खुर्ची आम्हीच दिली होती.

मॅडमना सांगितलं. त्या बाटली हातात घेऊन उभ्या राहिल्या. सगळ्या पेशी त्या एकाच बाटलीत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या वाटून त्यांच्यावर गोळीचं औषध टाकायचं होतं. थोड्या गोठवून ठेवाव्यात तर आमच्याकडे त्याची टाकी नाही. शेल्फवर त्याच गुलाबी रसाच्या, पेशी नसलेल्या बाटल्या रांगेनं होत्या. माझी नजर तिकडे गेली. मॅडमनी ते बघितलं.

"मागितली म्हणजे दिली," त्या म्हणाल्या. "हीच द्यायची. निघा तुम्ही, मी बालरुग्णालयात सांगून ठेवते."

त्यांनी झाकण घट्ट आवळून बाटली माझ्या हातात ठेवली आणि पाठ फिरवली.

काळी-पिवळी भरल्याशिवाय सुटेना. मी ड्रायव्हरच्या हातापाया पडले. तो म्हणाला, "काकू, दोन शीटा राह्यल्या." मी त्या दोन्ही जागा घेतल्या, तेव्हा निघाला. रस्ताभर बाटली मी पदराआड पोटाशी आडवी धरली होती, हलू न देता, गार होऊ न देता. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, ही पुरायला चाललीय. मग मी जपतेय कशाला? पण हात काही सैल होईनात. इतकी वर्षं दुसरं शिकलेच नव्हते.

घरामागे न्हाणीजवळ खड्डा खणून तयार होता. शेजारी हळदीकुंकू, तांब्यात पाणी. आजी तिथंच बसलेल्या. आतून बाळाचा आवाज नव्हता. ताप आलेलं मूल रडतं. हे रडतही नव्हतं. वैशाली दारात उभी, छातीशी दुपट्यातलं गाठोडं.

मी बाटली काढून आजींच्या हातात दिली. त्यांनी ती एकदम छातीशी घेतली.

"हे तं गरम हाय!"

"पोटाशी धरून आणली, आजी."

"काऊन?"

"थंड पडली की मरते ती."

आजींनी खड्ड्याकडे बघितलं, मग बाटलीकडे. "मंग आता, या टायमाले, जित्ती हाय?"

वैशाली माझ्याकडे बघत होती. मान हलवत होती, नाही म्हणा, नाही म्हणा. एक शब्द बोलले असते तर सगळं सुटलं असतं, असं आज वाटतं. पण आजींच्या हातात ती ऊब होती. हाताला कळतंय ते खोटं आहे असं कसं सांगणार? माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

आजी खाली वाकल्या. बाटली खड्ड्याच्या कडेपर्यंत नेली. पुन्हा वर घेतली.

"जित्तं कसं पुरू वं माय?"

झालं. आता पुरताही येईना आणि नेताही येईना. वैशाली दारातून ओरडली, "आत्याबाई, इचं आंग ढिलं पडून राह्यलं! पुरा नाही तं नका पुरू, मी चाल्लो!"

"थांब!" आजींचा आवाज चिरला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी खामगावहून पोटाशी धरून आनली. मेली नाही?"

"नाही."

"म्या धरली तं?"

"नाही मरणार, आजी. गार होऊ द्यायची नाही, बस."

आजी उठल्या. बाटली चोळीच्या वर, पदराच्या आत धरली, दोन्ही हातांनी. खड्डा तसाच ठेवला.

"चाल वैशाली. कापू दे त्यायले काय कापायचं ते. ही माह्याजवळ जित्ती हाय. इकडून मी जाऊ देत नाही."

शेजारच्यांची ऑटो मिळाली. रस्ता असा की बसल्याजागी हाडं वाजावीत. आजींना खोकल्याची उबळ यायची आणि त्या तोंड मिटून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती दाबून धरायच्या, बाटली हलू नये म्हणून. वैशाली बाळाच्या ओठांना बोट लावून बघत होती. खामगावची जिनिंगची शेड दिसली तेव्हा मी रडले. आपलं गाव दिसल्यावर रडावं तसं. तोवर मला ते माझं गाव वाटलं नव्हतं.

रुग्णालयात मॅडम दारात होत्या. डॉक्टरबाईंनी बाळाला उघडं केलं आणि त्यांचा चेहरा कठीण झाला. "बेंबीतून विष रक्तात चाललंय. आत्ता आणता होय?" एवढंच बोलल्या आणि काचेच्या खोलीत घेऊन गेल्या. सुई, सलाईन, सडलेली नाळ काढून साफ करणं, सगळं आत. वैशालीला आत घेतलं. आजी बाहेर बाकावर.

मॅडम त्यांच्याशेजारी बसल्या. "आजी, बाटली द्या, मी पेटीत ठेवतो. तिथं लय बरी राहीन."

"नाही." आजी बघतही नव्हत्या. "हातातच बरी."

पेटीबाहेर इतका वेळ राहिलेल्या, धक्के खाल्लेल्या, माणसाच्या अंगच्या कमीजास्त उबेत ठेवलेल्या पेशी प्रयोगाला चालत नाहीत. मॅडमना ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. त्यांनी पुन्हा मागितली नाही. दुसऱ्या दिवशीचा प्रयोग गेला, मुदत गेली, मुदतवाढीसाठी अर्ज करावा लागला. तिसरं उत्तर आम्हाला पुढे फार दिवसांनी दुसऱ्या एका नाळेतून मिळालं. पट्टी गडद आली. मॅडमनी मला पेढा दिला. तो आनंद खराच. पण मला विचाराल, या कामात सगळ्यात जीव टांगणीला कधी लागला, तर तो पट्टीचा फोटो उघडताना नव्हे.

संध्याकाळी मला घरी जावं लागलं. सकाळी पोचले तेव्हा आजी त्याच बाकावर, त्याच जागी. समोर कुणीतरी आणून ठेवलेला चहा सायीसकट गार झालेला. कोपरं अंगाशी, हात पदरात. मला बघून त्यांनी पदर जरासा बाजूला केला.

"रंग पाहा बरं. जित्ती हाय ना?"

रस अजून गुलाबीच होता, नासून पिवळा पडला नव्हता. सूक्ष्मदर्शकाशिवाय मी त्यापुढचं सांगू शकत नव्हते.

"रंग बदललेला नाही, आजी."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा काचेच्या दाराकडे बघू लागल्या. मीही शेजारी बसले. आतून यंत्राचा बारीक टुक-टुक आवाज येत होता. दार उघडलं की आम्ही दोघी ताठ व्हायचो, आणि दरवेळी ते दुसऱ्याच कुणाचं निघायचं.

बऱ्याच वेळानं एक सिस्टर बाहेर आली. "पिंपळगावच्या बाईची पोरगी? ताप उतरला. आत्ता आईला पाजायला दिली होती. चांगलं ओढलं दूध."

मला वाटलं आजी रडतील, नाहीतर देवाचं नाव घेतील. त्या सिस्टरकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून, एखाद्या पोरीनं बाईंना विचारावं तसं, हळूच म्हणाल्या,

"मंग आता हात खाली करू का वं?"

"करा, आजी."

पण हात खाली येईनात. कोपरं आखडून गेली होती. मी बाटली अलगद काढून घेतली, बाकावर ठेवली. तेवढ्यात वैशाली बाहेर आली, ब्लाउजला दुधाचा ओला डाग. काय झालं ते तिला बघताच कळलं. ती सासूच्या पायाशी खाली बसली, एक हात तिनं धरला, एक मी धरला, आणि आम्ही दोघींनी मिळून ते हळूहळू सरळ केले.